रेघ्याचं वाण

अहमदपूरच्या मोंढ्यात भगवानरावांची आडत आहे. असा माणूस उठल्यापासून झोपेपर्यंत सोयाबीनच्या भावाचंच बोलेल, असं तुम्हाला वाटेल. पण गेलं वर्षभर त्यांच्या तोंडी एकच विषय होता, धाकट्या जावयाचा मासा. हमाल असो, शेतकरी असो, नाहीतर हळदीच्या भावाची चौकशी करायला आलेला व्यापारी असो, भगवानराव आधी मोबाइल पुढं धरून लातूरच्या लखनरावाचा मासा दाखवायचे आणि मग माल बघायचे. संध्याकाळ झाली की नांदेडला थोरल्या जावयाला, म्हणजे अंगदला, फोन लावून तेच पुन्हा सांगायचे. फोन ठेवला की अंगदचं जेवणावरून मन उडायचं.

उडणार नाही तर काय होईल? या घराण्यात समुद्र आणला कुणी? अंगदनं. नांदेडच्या रेल्वेच्या ऑफिसात नोकरी करणारा हा माणूस. पाणी म्हटलं की गोदावरी, एवढंच त्याला ठाऊक. एकदा हैदराबादला एका दुकानात त्यानं खाऱ्या पाण्याची टाकी पाहिली आणि पार खुळावला. समुद्राचं मीठ पार्सलनं मागवलं, ते आरओच्या पाण्यात कालवलं, दगड बसवले, त्यावर पोवळी लावली. मे महिन्यात आख्खं नांदेड उकडून निघत असताना याच्या हॉलमध्ये टाकीचं पाणी गार ठेवायचं यंत्र घरघरत असायचं. बायको अयोध्या म्हणायची, माणसांपेक्षा पोवळी बरी, त्यांना तरी गारवा मिळतो. भगवानराव तर गुरुद्वाऱ्याच्या दर्शनाला आलेल्या पाव्हण्यांना आवर्जून थोरल्या जावयाकडं घेऊन यायचे आणि 'आमच्या जावयानं घरात समुद्र आणलाय' म्हणून छाती काढायचे. ते दिवस अंगदनं फार गोड करून मनात ठेवले होते.

मग अयोध्येची धाकटी बहीण राजकन्या लातूरच्या लखनला दिली. लखन तिथं एका क्लासमध्ये गणित शिकवतो. साधा, हसरा पोरगा. लग्नानंतर पहिल्यांदा नांदेडला आला तो टाकीपुढून हलेना. 'दाजी, मला बी शिकवा,' म्हणाला. अंगदला बरं वाटलं. त्यानं शिकवलं, मिठाचं माप सांगितलं, आपल्या टाकीतला एक दगडही दिला. काही अडलं की दिवसातून दोनदा फोन यायचा आणि प्रत्येक फोन 'दाजी' म्हणूनच सुरू व्हायचा.

शिकवलं ते शिकवलं, पण या लखननं नीटनेटकेपणा काही घेतला नाही. त्याच्या टाकीची काच कायम हिरवट. मागच्या खणात शेवाळाचा गुंता, त्यात दगडाचे तुकडे टाकलेले. कचरा गाळायची जाळी त्यानं पहिल्याच महिन्यात काढून ठेवली, धुवायचा कंटाळा म्हणून. अंगदचं सगळं उलट. बायका नवरात्राच्या आधी दसरा काढतात ना, घरातली गोधडीन् गोधडी धुऊन टाकतात, तसा हा दर रविवारी टाकीचा दसरा काढायचा. काच पुसायचा, दगड घासायचा, जाळी दोनदा बदलायचा. लखनकडं जाऊन आला की नाक मुरडायचा. डबकं आहे ते, टाकी नाही, असं अयोध्येला सांगायचा.

आणि त्या डबक्यात मँडरिन जगला! मँडरिन म्हणजे बोटाएवढा मासा, निळ्या अंगावर पैठणीच्या पदरासारखी नारंगी वेलबुट्टी. एकदा बघितला की डोळा हलत नाही. पण त्याचे नखरे फार. डब्यातलं खाणं तो तोंडात धरत नाही. त्याला लागतात कोपेपॉड, खसखशीहून बारके जिवंत किडे. खाऱ्या टाकीत दगडाच्या फटीत, शेवाळात, काचेवर ते आपोआप वाढतात. नाद असलेली माणसं त्यांना नुसतं पॉड म्हणतात. पॉड असतील तर मँडरिन दिवसभर टिपत फिरतो, नसतील तर पोट खपाटीला जाऊन मरतो. अंगदचे दोन मँडरिन असेच मेले होते. तिसरा होता, तोही हाडकला होता. लखनचा मात्र लिंबासारखा गोल.

एकदा लातूरला लखननं अंगदला अंधाऱ्या खोलीत काचेवर बॅटरी धरून दाखवलं. पांढरे ठिपके नुसते बुजबुजत होते. लखन कौतुकानं सांगत होता की मागच्या खणात मासा शिरत नाही, म्हणून तिथं त्यांची पैदास होते. पुढचा दिवा मालवला की मागचा लावायचा, म्हणजे शेवाळ वाढतं. खिडकीत बाटलीत हिरवं पाणी करायचं आणि त्यातलं थोडं रोज टाकीत ओतायचं, तेच पॉडचं खाणं. ओतताना पंप जरा वेळ बंद ठेवायचा. अंगद 'हं, हं' करत होता आणि आतून त्याचा तिळपापड होत होता. माझ्याच दगडावर याचे किडे वाढतात, माझ्याच मापाच्या मिठात, आणि माझ्या घरी एक नाही! सासूबाई, धुरपताबाई, तिथंच होत्या. त्यांनी हसत हसत विचारलं, "दुसऱ्यांच्या घरी किडे पडल्यावर लाज वाटती. तुम्हाला पडना म्हणून वाईट वाटून राहिलं व्हय, जावईबापू?" सगळे हसले, अंगदलाही हसावं लागलं.

घरी येऊन त्यानं शोध लावायला घेतला. रविवारची घासाघीस हे एक कारण होतंच, पण खरा चोर निघाला दुसराच. टाकीत त्याचा एक जुना मासा होता, जांभळ्या अंगावर नारंगी रेघा असलेला. घरात त्याला रेघ्या म्हणायचे. हा रेघ्या दिवसभर दगडाच्या फटीत तोंड घालून पॉडच टिपत असायचा. मँडरिन मंद, रेघ्या चपळ. हैदराबादहून मागवलेल्या पॉडच्या बाटल्या अंगद टाकीत ओतायचा आणि रेघ्या मेजवानी झोडायचा. मग रेघ्याला धरायची मोहीम निघाली. जाळं आलं की तो दगडात घुसायचा. अंगदनं पुष्कळ खटपटी केल्या. टाकीवर चादर टाकली, अयोध्येला बॅटरी धरून उभं केलं. या मेल्यानं माझं वाटोळं केलं, म्हणून त्याच्या नावानं बोटं मोडली. शेवटी एकदाचा रेघ्या सापडला. अंगदनं त्याला वेगळ्या डब्यात ठेवलं आणि आता याचं काय करावं, या विचारात पडला.

त्याच सुमारास धोंड्याचा महिना लागला. अधिक महिन्यात लेक-जावयाला बोलवायचं, पाय धुवून पाटावर बसवायचं, धोंडे खाऊ घालायचे, अनारशांचं वाण द्यायचं, हे काय सांगायला पाहिजे? भगवानरावांनी दोन्ही जावयांना एकाच दिवशी बोलावलं. अहमदपूर नांदेड-लातूरच्या अधेमधेच आहे, दोघांनाही सोयीचं. निघायच्या आदल्या संध्याकाळी फोनवर त्यांनी आणखी एक सांगितलं, की जेवणं झाल्यावर मोंढ्यातली चार मंडळी घेऊन लातूरला जायचा बेत आहे, लखनरावाचा मासा बघायला. अंगदनं फोन ठेवला, डब्यातल्या रेघ्याकडं बघितलं आणि सकाळी त्याला पिशवीत घालून थर्माकोलच्या खोक्यात ठेवलं. गाडीत बसताना अयोध्येला खोकं दिसलं. 

आता त्याचा न्याय करायच्या आधी एक ऐका. अहमदपूरला पोचेपर्यंत त्याचं मन काही पक्कं नव्हतं. खोकं गाडीतच होतं. त्यात दारातच लखन भेटला. त्याच्या हातात झाकणाची बादली होती. बादलीत खारं पाणी, शेवाळाचा मोठा झुबका आणि दगडाचे तुकडे. म्हणाला, दाजी, माझ्या टाकीतलं निम्मं काढून आणलंय, पॉडनं भरलंय, तुमचा मासा वाचला पाहिजे. अंगदनं बादली घेतली. त्याला खरोखर गहिवरल्यासारखं झालं, आणि खोक्याची लाज वाटली. रेघ्या याला द्यायचा नाही, असं त्यानं तिथंच ठरवलं.

पण पाटावर बसल्यावर घोटाळा झाला. दोघं जावई शेजारी शेजारी. धुरपताबाईंनी पाय धुतले, कुंकू लावलं, ओवाळलं. ताटात तुपात बुडालेले धोंडे. भगवानराव समोर बसून मोंढ्यातल्या मंडळींना जावयांची ओळख करून देत होते. अंगदकडं हात करून म्हणाले, "ह्यांनी टाकी आणली. पर त्यात जीव जगवला तो धाकट्यानं." मंडळींनी माना डोलावल्या. भगवानराव वाईट माणूस नव्हते हो, पण बोलताना समोरच्याचं काळीज कुठं असतं हे त्यांना कधी कळलं नाही. अंगदनं हातातला धोंडा ताटात ठेवला. बादली, गहिवर, सगळं त्या एका वाक्यात वाहून गेलं. तो पाटावरून उठला, गाडीकडं गेला आणि खोकं घेऊन आला.

लखनपुढं पिशवी धरून तो म्हणाला, तुझ्या टाकीत रंग कमी आहे, हा घे, शोभेल. लखनला इतका आनंद झाला की त्यानं उठून दाजींच्या पायाला हात लावला. धुरपताबाईंना वाटलं, केवढं हे साडूप्रेम. त्यांनी पिशवीला कुंकवाचं बोट लावलं, ती अनारशांच्या ताटात ठेवली आणि ताट लखनच्या हातात दिलं. धोंड्याच्या महिन्यातलं वाण हाय हे, परत फिरवायचं नसतंय बरं, असं बजावलंही. पिशवीतला रेघ्या अनारशांकडं बघत होता. अयोध्या दाराच्या चौकटीला टेकून नवऱ्याकडं बघत होती.

परतीच्या वाटेवर लोहा गाव मागं पडलं. मग अयोध्येनं, रेघ्या का दिला, एवढंच विचारलं. रंग चांगला होता म्हणून, असं तो म्हणाला. तिनं मान फिरवली आणि बाहेरची नांगरलेली रानं बघत बसली.

नांदेडला आल्यावर अंगदनं लखननं सांगितलेलं अक्षरन् अक्षर पाळलं. मागं एक खण केला, शेवाळ आणि दगडाचे तुकडे त्यात टाकले, जाळी काढली, रविवारचा दसरा बंद केला. खिडकीत हिरव्या पाण्याच्या बाटल्या बुडबुडायला लागल्या. काच पुसायला हात शिवशिवायचा तेव्हा तो उठून बाहेर चक्कर मारून यायचा. आणि एका संध्याकाळी काचेच्या कोपऱ्यात त्याला हलणारे पांढरे ठिपके दिसले. त्यानं अयोध्येला ओढत आणून दाखवलं. पुढं पुढं तर काच बुजबुजायला लागली आणि मँडरिनचं पोट भरलं. भगवानराव मंडळी घेऊन आले, वाकून वाकून बघितलं आणि म्हणाले, आता ह्याला म्हणत्यात समुद्र. त्या दिवशी अंगद दोन भाकरी जास्त जेवला.

पण माणसाचं असं असतं की नुसतं आपलं बरं होऊन भागत नाही. त्याला लातूरचं ऐकायचं होतं. राजकन्येचा फोन येऊन गेला की तो सहज विचारल्यासारखं विचारायचा. अयोध्या सांगायची: त्यांची काच आता आरशासारखी झालीय म्हणे, ठिपका म्हणून दिसत नाही. लखननं निम्मी पैदास बादलीतून देऊन टाकली होती आणि उरलेली रेघ्यानं साफ केली. पुढच्या फोनला कळलं की मासा बारीक झालाय. हे ऐकून अंगदला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण आधी आनंद झाला. वाईट नंतर वाटलं.

एका रविवारी दुपारी दार वाजलं. बाहेर लखन, घामानं निथळलेला. लातूरहून एसटीनं आला होता, थर्माकोलचं खोकं मांडीवर धरून. आत आल्यावर त्यानं आधी खोकं उघडलं. पिशवीत मँडरिन होता. रंग विटलेला, डोकं मोठं आणि पोट पाठीला लागलेलं.

"दाजी, ह्याला तुमच्याकडं ठेवून घ्या," लखन म्हणाला. "तुमच्याकडं पॉड झालेत, हितं जगंल. माझ्याकडं चार दिवसांत मरंल."

मग त्यानं सगळं सांगितलं. काच रिकामी व्हायला लागली तसं त्यानं ओळखीच्या चार नादिष्टांना विचारलं. रेघ्याचा फोटो बघून सगळे म्हणाले, तुझा चोर हाच, काढ याला, दुकानात देऊन टाक. दुकानदार घ्यायलाही तयार होता. लखनचं मन झालं नाही.

"तुम्ही धोंड्याच्या पाटावर दिलेला. सासूबाईंनी कुंकू लावलेलं. वाण कसं हाकलून देऊ? मग म्हणलं, रेघ्याला र्‍हाऊ द्यावं अन् ह्याला दाजींकडं न्यावं. तुम्हाला ठाऊक नसंल रेघ्या काय खातो. न्हाईतर दिलाच नसता तुम्ही."

अयोध्या पाण्याचा तांब्या घेऊन येत होती, ती तिथंच थांबली. अंगदनं तिच्याकडं बघितलं नाही. त्यानं घाईघाईनं पिशवी टाकीत तरंगत ठेवली. दोन नर मँडरिन एका जागी भांडतात, म्हणून मध्ये जाळीची फळी बसवली, एका बाजूला आपला मासा घेतला आणि दुसऱ्या बाजूला लखनचा सोडला. बिचाऱ्यानं तळाला टेकून घटकाभर दम घेतला आणि मग दगडावरचा एक पॉड टिपला. मग दुसरा. मग टिपतच राहिला. माझ्या माशापेक्षा भराभर खातोय मेला, असं त्याही वेळी अंगदच्या मनात आलंच.

लखनचे डोळे भरून आले होते. त्याला असं बघून अंगदला काहीतरी करावंसं वाटलं, मोठेपणानं, थोरल्यासारखं. उद्याच रजा टाकतो, लातूरला येतो आणि रेघ्याला काढून देतो, असं तो म्हणाला. मीच दिलेलं वाण, मीच परत नेलं तर बिघडत नाही. लखन हसला आणि म्हणाला, धरायलाच येत नाही तो, जाळं दिसलं की दगडात जातो. आणि इथं अंगदची जीभ सुटली. मासे पाळण्यातलं एखादं कसब लखनला येत नाही आणि आपल्याला येतं, असं किती दिवसांनी झालं होतं!

"जाळ्यानं धरायचाच न्हाई," तो खुर्ची पुढं ओढून सांगायला लागला. "पाण्याची बाटली घ्यायची, तोंडाकडचा भाग कापून उलटा आत बसवायचा. पहिले दोन दिवस ती नुसतीच टाकीत ठेवायची, काही घालायचं न्हाई. त्याची भीड मोडती. मग चादर टाकून अंधार करायचा अन् कोळंबीचा तुकडा आत सोडायचा. जाळ्याला मी महिनाभर झटलो, हाती लागला न्हाई. बाटलीत असा आला."

बोलणं संपलं तेव्हा लखन हसत नव्हता.

"तुम्ही धरला होता त्याला? एवढी खटपट करून?"

"हाव."

"कशापायी?"

अंगदनं अयोध्येकडं बघितलं. ती काहीतरी बोलून सावरून घेईल, अशी त्याला आशा होती. तिनं तांब्या टेबलावर ठेवला.

"सांगा की," ती म्हणाली.

"पॉड खायचा म्हणून," अंगद म्हणाला.

लखननं तांब्यातलं पाणी भांड्यात ओतून घेतलं आणि सावकाश प्यायलं. चेहऱ्यावर राग दिसला असता तर अंगदला बरं वाटलं असतं. तो उठून टाकीपाशी गेला, वाकून आपला मासा बघितला आणि म्हणाला, त्याच्या बाजूला थोडे दिवस हिरवं पाणी जास्ती घाला. अंगदनं मान हलवली. जेवून जा, म्हणाला. स्टँडवर गाडीनं सोडतो, म्हणाला. लखन नको म्हणाला, कोपऱ्यावर ऑटो मिळतो. रिकामं खोकं त्यानं काखेत घेतलं.

"येतो, अक्का," तो अयोध्येला म्हणाला. मग चपला घालता घालता, वर न बघता, "येतो, अंगदराव."

इतक्या वर्षांत त्यानं अंगदला नावानं कधी हाक मारली नव्हती. ऑटो गेल्यावरही अंगद दारातच उभा होता. अयोध्या कधीच आत निघून गेली होती.

लखननं हे कुणाला सांगितलं नाही, राजकन्येलासुद्धा नाही. भगवानरावांना तर पत्ताच नाही. ते मोंढ्यातली मंडळी घेऊन नांदेडला येतात, अंगदच्या टाकीसमोर उभे राहतात आणि जाळीच्या फळीच्या अलीकडचा, लिंबासारखा गोल झालेला मासा दाखवून सांगतात, हा आमच्या लखनरावाचा. फळीपलीकडच्या अंगदच्या माशाकडं कुणी बघत नाही. अंगद खिडकीतली हिरवी बाटली उतरवतो, पंप बंद करतो आणि लखनच्या माशाच्या बाजूला जास्ती पाणी ओततो. रेघ्या लातूरलाच आहे, वाण परत आलं नाही.

दर रविवारी अंगद आपण होऊन लखनला फोन करतो. मासा कसा खातो, केवढा झालाय, रंग कसा परत आलाय, सगळं सविस्तर सांगतो. सांगून झालं की फोन कानाला घट्ट धरून वाट बघतो.

"बरं झालं, अंगदराव," लखन म्हणतो आणि फोन ठेवतो.